शिष्यवृत्तीची मुदत



१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. पुढे दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला. १९१७ मध्ये मुदत संपली आणि लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

गुणवत्तेला दार उघडून देणे पुरेसे नाही; पदवी हाती येईपर्यंत ते उघडे राहिले पाहिजे. बोरगावच्या शेतमजुराचा मुलगा उद्या नामांकित खासगी विद्यापीठात गेला, तर प्रवेशशुल्काइतकीच त्याला अखेरच्या वर्षाच्या खानावळीचीही चिंता असेल. विद्यार्थी-साहाय्याचा निधी उभारताना माजी विद्यार्थ्यांनी याचा अवश्य विचार करावा.