ऑटोतून उतरल्यावर

मागच्या भागात जाता जाता म्हणालो होतो की कॅमेरा बदललाय. त्यावर बरेच निरोप आले, आणि त्यातले निम्मे एकच प्रश्न विचारणारे होते: 'सेटिंग काय ठेवतोस?' आज त्याचंच उत्तर देतो. पण नुसता आकडा सांगून भागत नाही. तो कुठल्या प्रकाशासाठी, कुठल्या माणसासाठी, हे सांगितलं नाही तर त्या आकड्याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. म्हणून थोडं मागे जातो.

माझा मामा दशावतारात काम करतो. कुडाळजवळचं गाव, तीसेक वर्षं झाली. तरुणपणी स्त्रीपार्ट करायचा, आता राजाच्या भूमिका करतो. ज्यांनी दशावतार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास दक्षिण कोकणात जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्रभर नाटक चालतं. लिखित संहिता नाही. कथानक ठरलेलं असतं, संवाद नट उभ्या उभ्या रचतात. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. उजाडताना दहीकाला होतो, मग मंडळी सामान गुंडाळून पुढच्या गावाला. मोसमात हे जवळजवळ रोज. प्रयोगाला ते 'नाईट' म्हणतात.

मामाचे दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, त्यानेही ऐकलं, आणि हा मोसम शेवटचा असं ठरलं. मग आईच्या लक्षात आलं की तीस वर्षांत त्याचा रंगमंचावरचा एकही धड फोटो घरात नाही. जे आहेत ते मोबाइलचे, नाहीतर कुणीतरी समोरून फ्लॅश मारून काढलेले. फ्लॅशमध्ये दशावतारी रंग पिठासारखा दिसतो, आणि मागचा अंधार नुसता काळा पडदा होतो.

मी पुण्यात नोकरी करतो. शुक्रवारी रात्रीची बस पकडून जायचं म्हटलं तर मोसमात जेमतेम पाच-सहा नाईट हाती लागतात. पुन्हा काढू म्हणायला पुढचं वर्ष नाही.

माझ्याकडे आधी निकॉनचा डी ३५०० होता. २०१८ सालचा, नवशिक्यांसाठीचा कॅमेरा, आणि त्या कामाला फार चांगला. कॉलेजनंतरच्या सगळ्या ट्रेक त्यानेच काढल्या. दिवाळीच्या बोनसमधून सेकंडहँड झेड ६ टू घेतला. 'कॅमेऱ्याला महत्त्व नसतं, डोळ्याला असतं' असं सांगणारी मंडळी भेटतातच. माझा अनुभव असा की हे म्हणणारे बहुतेक जण उन्हात फोटो काढतात. रात्री दोन वाजता चार दिव्यांखाली कॅमेऱ्याला महत्त्व असतं. नव्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, जुन्याचा साधारण २३.५ बाय १५.६. गुणाकार करून बघा, क्षेत्रफळ सव्वादोन पटीहून जास्त भरतं. मेगापिक्सेल दोन्हीकडे २४च आहेत, म्हणजे वाढला तो तपशील नाही, वाढला तो प्रकाश.

पण गंमत पुढे आहे. जुना कॅमेरा ऑटोवर टाकला की अंधारात काय करायचा? टक्कन फ्लॅश वर काढायचा. नव्याला अंगचा फ्लॅशच नाही. आणि माझी जुनी १८-५५ लेन्स अडॅप्टर लावून त्यावर बसते, फोकसही करते, पण ती छोट्या सेन्सरसाठी घडवलेली असल्याने कॅमेरा कडेचा भाग कापून टाकतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून दहा मेगापिक्सेलचा फोटो! बॅटरीचंही तसंच. डी ३५००ची अधिकृत क्षमता एका चार्जला १५५० फोटो. झेड ६ टूची व्ह्यूफाइंडर वापरला तर ३४०. कारण जुन्यात आरशातून दिसायचं, नव्यात डोळ्यासमोर अख्खा पडदा सतत चालू असतो. म्हणजे वरच्या वर्गात गेलो आणि पहिल्या आठवड्यात दोन बॅटऱ्या आणि एक लेन्स यांची यादी हातात आली.

लेन्सबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे बरेच जण अडतात. कॅमेऱ्याबरोबर २४-७० एफ/४ मिळाली होती. दिवसा उत्तम. पण एफ/४ आणि एफ/१.८ यांच्यात प्रकाशाचा फरक जवळजवळ पाचपट आहे: ४ भागिले १.८, त्याचा वर्ग. एफ/४ वर जिथे आयएसओ १२८०० लागतो, तिथे एफ/१.८ वर २५०० च्या आसपास काम होतं. मी ५० मिलिमीटर एफ/१.८ घेतली. झूम नाही, म्हणून पाय वापरायचे. दशावतारात प्रेक्षक तिन्ही बाजूंनी बसतात, त्यामुळे पाय वापरता येतात. फक्त म्हाताऱ्या माणसांच्या पुढ्यात उभं राहायचं नाही, नाहीतर मालवणीत जे ऐकावं लागतं ते इथे सांगण्यासारखं नाही.

आता मेन्यू. मॅन्युअलची पीडीएफ शेकडो पानांची आहे, आणि मी ती ऑफिसात नव्या सिस्टिमचं डॉक्युमेंटेशन वाचतो तशीच वाचली. म्हणजे वाचली नाही. आधी कागदावर लिहिलं की त्या मांडवात नक्की काय काय असेल, आणि तेवढ्याचीच पानं शोधली. अंधार, झगमगणारा किरीट, काळा संकासूर, एलईडी दिवे, जोरात हलणारी माणसं, आणि कुणालाही त्रास न देणं. एवढंच. व्हिडिओची, टाइमलॅप्सची, वायफायची पानं अजून उघडलेली नाहीत.

त्यातला सगळ्यात खोल विषय निघाला तो दिव्यांचा. आपल्याकडे घरातली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे बरेचसे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. नव्या कॅमेऱ्यात 'सायलेंट' नावाचा प्रकार आहे. शटरचा पडदा हलतच नाही, सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. आवाज शून्य. पण वाचता वाचता दिवा कमी-जास्त झाला की फोटोवर आडवे काळपट पट्टे उमटतात. हे मी मुद्दाम घरी करून बघितलं, स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली, वेग बदलत बदलत. १/२५० ला पट्टे, १/१६० ला पट्टे, १/१०० ला साफ. कारण सोपं आहे: १/१०० सेकंदात दिव्याचा एक पूर्ण हेलकावा येतो, प्रत्येक ओळीला सारखाच प्रकाश मिळतो. १/५० ला दोन हेलकावे, तेही चालतं. बायको दारात उभी राहून विचारत होती की ट्यूबचे फोटो कशाला. तिला हे समजावण्यात मलाच ते नीट समजलं.

रंगमंचावरचे रंगीत एलईडी मात्र या हिशोबात बसत नाहीत. त्यांची तीव्रता कमी करायला आतली सर्किटं दिवा फार भरभर चालू-बंद करतात, आणि प्रत्येक बनावटीचा वेग वेगळा. तिथे सूत्र नाही. म्हणून प्रयोगाच्या वेळी सरळ खरं शटर वापरायचं. आवाज होतो, पण मृदंग आणि झांज चालू असताना तुमचं शटर ऐकायला कुणाला वेळ आहे? सायलेंट ठेवायचं ते रंगपटासाठी. मामा आरशापुढे बसून स्वतःचा रंग स्वतः लावतो. त्या तासाभरात तो कुणाशी फारसं बोलत नाही, आणि तिथे खटखट केलेली मला चालणार नव्हती. डोक्यावर साधा दिवा, १/१००, सायलेंट. एकही पट्टा नाही.

याच दिव्यांचा दुसरा त्रास लाल रंगाचा. राक्षस आला की लाल दिवा टाकायची हल्ली पद्धत पडलीय. मला ती आवडत नाही, पण तो वेगळा विषय. लाल दिव्याखाली साधा हिस्टोग्राम म्हणतो सगळं ठीक आहे, आणि फोटोत मात्र चेहऱ्याच्या जागी लाल डाग. कारण लाल, हिरवा, निळा यांतला एकटा लाल भरून वाहिलेला असतो, आणि एकत्र आलेखात ते लपून जातं. प्लेबॅकच्या मेन्यूत तिन्ही रंगांचे वेगळे आलेख दाखवायची खूण असते, ती चालू करा. लाल आलेख उजव्या भिंतीला टेकला की मी प्रकाश कमी करतो, फोटो काळपट दिसला तरी. रॉ फाइलमधून सावलीतलं बरंच वर काढता येतं, वाहून गेलेलं येत नाही.

आणि संकासूर. मुख्य आख्यानाच्या आधी आड दशावतार असतो, त्यात गणपती, सरस्वती येतात, आणि हा येतो, काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा, त्यातून लोंबणारी लाल जीभ. कॅमेऱ्याचं मीटर काहीही पाहिलं तरी ते मध्यम करड्याच्या आसपास आणायला बघतं. समोर काळा माणूस आला की 'अरे, फार अंधार आहे' म्हणून त्याला राखाडी करून टाकतं. म्हणून त्याच्यासाठी एक स्टॉप उणे. बरोबर उलटं किरीटाचं: किरीट झगमगला की मीटर घाबरतं आणि चेहरा काळवंडतो. आणखी एक, डोळ्यासमोरचा पडदा अंधारात असतो त्याहून उजळ भासतो. त्याच्यावर विश्वास ठेवून प्रकाश कमी करत गेलात तर घरी जाऊन सगळंच गडद निघतं. आलेख बघा, पडदा नाही.

फोकस. हा कॅमेरा डोळा ओळखतो, आणि मामाच्या रंगवलेल्या चेहऱ्यावरही ओळखतो. पण दोन राजे समोरासमोर उभे राहिले की कुणाचा डोळा धरायचा ते त्याचं तो ठरवतो. म्हणून दोघांच्या प्रसंगात मी एकच बिंदू ठेवतो आणि मागच्या छोट्या जॉयस्टिकने सरकवतो. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर नेलाय. अंगठा फोकस करतो, तर्जनी फोटो काढते. अंगवळणी पडायला मला साधारण दोन आठवडे लागले. रोज संध्याकाळी सोसायटीतली क्रिकेट खेळणारी पोरं हा माझा सराव. संकासुराला अर्थातच डोळा नाही. तिथे जिभेवर फोकस.

आता ज्यांना आकडेच हवे होते त्यांच्यासाठी. पूर्ण मॅन्युअल हाच खरा फोटोग्राफर, हे मला पटत नाही. मी मॅन्युअलमध्ये वेग आणि अ‍ॅपर्चर स्वतः ठरवतो आणि आयएसओ कॅमेऱ्यावर सोडतो, वरची मर्यादा १२८००. वरच्या चाकावर यू-१, यू-२, यू-३ अशी तीन घरं आहेत, त्यात हे साठवून ठेवता येतं. माझं यू-१ म्हणजे रंगपट: १/१००, एफ/२, सायलेंट. यू-२ म्हणजे संवाद: १/२००, एफ/२, खरं शटर. यू-३ युद्ध: १/५००, एफ/१.८, भराभर फोटो. युद्ध म्हणजे दोन नट गोल फिरत नाचतात, तलवारीपेक्षा पाय वेगात असतात. पहाटे तीनला झोपेने डोकं बधिर झालेलं असताना चाक एक घर फिरवणं एवढंच जमतं. त्याहून जास्त विचार करायला लावणारी सेटिंग त्या वेळी बिनकामाची. फोकसला मदत करणारा पुढचा दिवा बंद, फोटो काढल्यावर मागे दिसणारं चित्र बंद. अंधारात तुमचा उजळलेला पडदा मागच्या वीस माणसांना दिसतो. दोन कार्डांचे खण आहेत, दोन्हीत तीच प्रत.

आतापर्यंत चार नाईट झाल्या. शेवटच्या दोनमध्ये मी बटणांकडे बघणं थांबलंय असं जाणवलं, आणि तेव्हा पहिल्यांदा मामाकडे नीट बघता आलं. तो बाकड्यावर, म्हणजे त्यांच्या सिंहासनावर, बसताना डावा हात आधी टेकवतो. गुडघ्यांमुळे. पण तो हात असा टेकवतो की राजा रेलून बसलाय असं वाटावं. तीन फोटोंत ते आलंय. आईने ते पाहिले आणि चहा टाकायला आत गेली, बराच वेळ आली नाही.

मामाला लॅपटॉपवर दाखवले. त्याने चष्मा लावला, एकेक फोटो मोठा करायला लावला, आणि म्हणाला, "अरे, किरीट वाकडो आसा. माका कोणी सांगूक नाय?" मग साथीदारांची नावं घेत बसला, हा मृदंगावर कोण, तो मागे झोपलेला कोण. त्याला हवा असलेला फोटो माझ्याकडे अजून नाही. त्याला पायपेटीवाल्याबरोबरचा हवाय. बावीस वर्षं दोघं एकत्र आहेत. पायपेटी बाजूला, जवळजवळ अंधारात असते. दोघं एका चौकटीत यायचे तर मला मृदंगाच्या मागून काढावं लागेल, आणि दिवा थेट लेन्समध्ये येईल. येत्या शनिवारी २४-७० लावून तेच बघणार आहे, एफ/४ असली तरी. मंडळाच्या मालकांना विचारून ठेवलंय, ते हो म्हणालेत.