पायाखालची वाळू



देशाटनानें मनुष्य शहाणा होतो, अशी आपल्या वाडवडिलांची समजूत होती. पण पाय जागच्या जागीं असतां केवळ डोळ्यांनीं देशाटन घडलें, तर पदरीं शहाणपण पडतें कीं करमणूक?

घरबसल्या परमुलूख दाखविण्याची हौस नवी नाहीं. १८३८ सालीं इंग्लंडांत चार्ल्स व्हीटस्टन यांनीं दोन डोळ्यांपुढें दोन निराळीं चित्रें धरून सपाट चित्राला घनरूप कसें येतें, हें दाखविलें. आजच्या आभासी सृष्टीच्या मुळाशीं तीच युक्ति आहे. फरक इतकाच कीं, आतां मान वळवावी तिकडे ती सृष्टि वळते.

मेक्सिकोचे चित्रपट-दिग्दर्शक आलेहांद्रो इन्यारितू यांनीं हें साधन एका गंभीर कामीं लाविलें. २०१७ सालीं फ्रान्समधील कान महोत्सवांत त्यांनीं 'कार्ने इ आरेना', म्हणजे 'मांस आणि वाळू', ही कृति मांडली. मेक्सिकोकडून सरहद्द ओलांडून अमेरिकेंत शिरूं पाहणाऱ्या स्थलांतरितांची ही कथा. त्याच वर्षीं अमेरिकेच्या चित्रपट-अकादमीनें तिला विशेष ऑस्कर दिलें.

प्रेक्षक आंत एकटाच जातो. प्रथम एका थंडगार खोलींत त्याला पादत्राणें काढून बसावें लागतें. पकडलेल्या स्थलांतरितांना जेथें कोंडतात, त्या कोठडीची ही प्रतिकृति. भोंवतीं सरहद्दीवरील वाळवंटांत सांपडलेले जोडे पडलेले असतात. मग अनवाणी पायांनीं तो खऱ्या वाळूवर येतो. डोळ्यांवर यंत्र चढवितांच भिंती नाहींशा होतात आणि वाळवंट उभें राहतें. थकलीं-भागलीं माणसें चालत येतात. तोंच वर हेलिकॉप्टर घोंघावूं लागतें, शिपाई बंदुका रोखतात. कोणाच्या अंगांतून पलीकडे जाऊं गेलें, तर आंत धडधडणारें हृदय दिसतें. सारें साडेसहा मिनिटांत आटोपतें. हा प्रसंग खऱ्या स्थलांतरितांच्या हकीकतींवरून रचलेला आहे. बाहेर पडतांना त्यांचे चेहरे आणि त्यांचे शब्द प्रेक्षकाच्या समोर येतात.

यावर कोणी म्हणेल, दुसऱ्याचें दुःख तिकीट काढून पाहणें हा तमाशा नव्हे काय? आक्षेप खोटा नाहीं. साडेसहा मिनिटांच्या भीतीला प्रवास म्हणणें ही त्या वाटसरूंची थट्टाच होईल. परंतु या कृतीचें मर्म मला त्या जोड्यांत दिसतें. प्रेक्षक बाहेर येतो, तेव्हां त्याचीं पादत्राणें त्याला परत मिळतात. कोठडींतल्या जोड्यांचे धनी मात्र परत येत नाहींत. त्यांचें काय झालें, हें तेथें कोणी सांगत नाहीं.

म्हणून जी आभासी यात्रा 'तूं तेथें जाऊन आलास' असें सांगते, ती करमणूक समजावी. जी 'तूं तेथें गेला नाहींस' ही जाणीव देऊन परत पाठविते, तिच्या पदरीं कांहीं शहाणपण आहे. तेथून पुढें त्या वाटसरूंची विचारपूस करणें, हें काम यंत्राचें नव्हे. तें आपलें आहे.