आय-८६४ वरची सही



अमेरिकेतलं स्थळ सांगून आलं की आपल्याकडे पहिली चौकशी पगाराची. कुठली कंपनी, वर्षाला किती, घर स्वतःचं की भाड्याचं. दुसरी चौकशी व्हिसाची. एच-वन, ग्रीन कार्ड, सिटिझन हे शब्द आता सदाशिव पेठेतल्या आजींनाही पाठ झालेत. पण या दोन चौकशांची जिथे गाठ पडते, त्या कागदाबद्दल लग्नाच्या बैठकीत कुणी बोलताना माझ्या कानावर आलेलं नाही. त्याचं नाव आय-८६४, म्हणजे ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट. बहुतेकांना तो मुलाच्या पगाराचा दाखला वाटतो. पगार त्यात असतो खरा, पण कागदाचं खरं वजन दुसरीकडे आहे.

एक खुलासा आधीच करतो. मुलगा एच-वनवर असेल तर बायको एच-फोरवर जाते, तिथे हा कागद नाही. मुलगा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल आणि बायकोला कायमचं तिकडे न्यायचं असेल, तेव्हा तो लागतो. मुलगी नवऱ्याला नेणार असेल तरी तेच. कागदपत्रं आधी अमेरिकेत तपासली जातात आणि मग मुंबईला, बांद्रा-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत, इंटरव्ह्यूला बोलावणं येतं. कागद अपुरा पडला तर तिथल्या खिडकीवर २२१-जीची चिठ्ठी हातात मिळते. व्हिसा नाकारला असं त्याने कायमचं ठरत नाही, पण राहिलेलं पुरं करेपर्यंत सगळं अडकतं.

आता अट. अमेरिकन सरकार दरवर्षी गरिबीरेषेचा तक्ता काढतं. घरात माणसं किती, त्यावर रक्कम ठरते, आणि स्पॉन्सरचं, म्हणजे जोडीदाराला नेणाऱ्याचं, उत्पन्न त्या रकमेच्या सव्वापट हवं. २०२५ च्या तक्त्यात दोन माणसांसाठी ही सव्वापट २६,४३७ डॉलर येते. (अलास्का आणि हवाईसाठी आकडे चढे आहेत आणि सैन्यातल्यांना सवलत आहे, ते सोडून देऊ.) सॉफ्टवेअरमधल्या मुलाला ही रक्कम म्हणजे काहीच नाही. पण तिकडे केंद्राच्या कायद्यातलं किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरच आहे. त्या दराने वर्षभर पूर्णवेळ राबलं तरी पंधरा हजारांच्या आसपासच हातात येतात. म्हणजे या दराने कमावणारा अमेरिकन नागरिक स्वतःच्या बायकोला केवळ पगाराच्या बळावर नेऊ शकत नाही.

आपली मंडळी अडकतात ती वेगळ्या ठिकाणी. पहिली जागा म्हणजे माणसांची मोजणी. समजा, मुलगा नागरिक झाला आणि त्याने आधी आई-वडिलांना ग्रीन कार्डवर नेलं. तेव्हा त्यांच्यासाठी केलेली सही अजून जिवंत असते. आता तो लग्न करून बायकोचा अर्ज भरायला बसला, तर मोजणीत तो, बायको, आई आणि बाबा असे चौघे येतात. मग त्याच तक्त्यात आकडा ४०,१८७ डॉलर होतो. आई-बाबा वेगळ्या घरात राहतात म्हणून ते सुटत नाहीत.

दुसरी जागा टॅक्सची. नोकरदाराचा हिशेब सोपा असतो. दुकान किंवा छोटा धंदा चालवणारा मात्र दरवर्षी खर्च दाखवून दाखवून रिटर्नमध्ये नफा आटवतो. सीए खूश, तोही खूश. स्पॉन्सर व्हायची वेळ आली की अधिकारी तेच रिटर्न पुढे ठेवतात आणि गल्ल्यात काय पडतं ते विचारत नाहीत.

तिसरी जागा मला स्वतःला जास्त खटकते. मुलगी पुण्यात चांगल्या हुद्द्यावर असते, मुलापेक्षाही जास्त कमावत असते. तिचा पगार त्या हिशेबात शून्य! तीच नोकरी, तोच पगार तिकडे गेल्यावरही चालू राहणार असेल तरच तो धरतात, आणि किती जणींच्या कंपन्या तसं लिहून देतात? तिच्या ठेवी आणि फ्लॅट मात्र चालतात, पण वर्षभरात रोकड करता आली पाहिजे, आणि नागरिकाच्या जोडीदारासाठी जेवढे डॉलर कमी पडतात त्याच्या तिप्पट मालमत्ता दाखवावी लागते. नोकरी मोजायची नाही आणि फ्लॅट मोजायचा, हा हिशेब मला अजून पटलेला नाही.

हेही जमलं नाही तर जॉइंट स्पॉन्सर, सोबत हमी देणारा दुसरा माणूस. म्हणजे न्यू जर्सीतले काका. काका सही करतात, कारण भावाचा मुलगा आहे आणि नाही म्हटलं तर बरं दिसत नाही. आपण कशावर सही केली हे काकांनी वाचलेलं असतंच असं नाही.

ते काय, तर करार. १८८२ पासून अमेरिकेचा कायदा सांगत आला आहे की, सरकारवर भार होईल अशा परदेशी माणसाला आत घेऊ नये. त्यासाठी हमीपत्रं लिहून घेत, पण पैसे वसूल करायची वेळ आली की ती कोर्टात टिकत नसत. १९९६ मध्ये क्लिंटन यांच्या सहीने नवा कायदा आला आणि हमीपत्राचा पक्का करार झाला. सही करणारा सरकारला लिहून देतो की, या व्यक्तीचं उत्पन्न मी गरिबीरेषेच्या सव्वापटीखाली जाऊ देणार नाही. आणि ते त्याने पाळलं नाही तर सरकार तर दावा लावू शकतंच, पण ती व्यक्तीही, म्हणजे बायको, थेट कोर्टात जाऊ शकते. काकांवरसुद्धा.

हा करार संपतो केव्हा? ती नागरिक झाली, किंवा कामाच्या चाळीस तिमाह्या, साधारण दहा वर्षं, तिच्या खात्यावर जमा झाल्या, किंवा ग्रीन कार्ड सोडून ती देशाबाहेर निघून गेली, किंवा दोघांपैकी एक वारलं, तर. या यादीत घटस्फोट नाही. फॉर्मवर तसं छापलेलंच आहे.

२०१२ मध्ये शिकागोच्या फेडरल अपील न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. नवरा अमेरिकन, बायको चीनची, घटस्फोट झालेला. नवऱ्याचं म्हणणं, तिने आधी नोकरी शोधावी, नाहीतर मी का देऊ? न्यायमूर्ती रिचर्ड पोझ्नर यांनी निकालात लिहिलं की, पैसे मिळण्यासाठी तिने नोकरी शोधलीच पाहिजे असं बंधन या करारात नाही. पुढे २०१६ मध्ये पश्चिमेकडच्या नवव्या सर्किटच्या न्यायालयाने सांगितलं की, लग्नाआधी केलेल्या करारानेही ही जबाबदारी पुसता येत नाही. रक्कम मोठी नाही. २०२५ च्या तक्त्याने एकट्या व्यक्तीला वर्षाला साडेएकोणीस हजार डॉलर, आणि त्यातून तिची स्वतःची कमाई वजा. पण परक्या देशात, हातात काही नसताना, त्यावर खोलीचं भाडं निघतं.

ब्रिटनने उलटी रीत धरली आहे. तिथे २०१२ मध्ये थेरेसा मे गृहमंत्री असताना परदेशी जोडीदाराला आणायचं तर वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्नाची अट आली. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लहान मुलांच्या हिताकडे नियमांत नीट पाहिलेलं नाही असं सांगितलं, पण मूळ अट कायदेशीर ठरवली. एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंडांवर नेली. केअर होममध्ये किंवा दुकानात काम करणारा ब्रिटिश नागरिक तिथे दारातच अडतो, मुलं एका देशात आणि आई दुसऱ्या देशात असे संसार होतात. मला विचाराल तर, दार थोडं उघडं ठेवून आत आल्यावर जबाबदारी पक्की करणारी अमेरिकेची रीत मला कमी निर्दय वाटते.

पण ती रीत कामी येते ती तिथे राहणाऱ्या बाईच्या. संसार मोडला की आपले आई-वडील पहिलं काय करतात? परतीचं तिकीट काढतात, आणि त्या क्षणी दुसरं सुचणारही नाही. ती कायमची परत आली आणि ग्रीन कार्ड गेलं, की करारही संपला. म्हणून तिकीट काढण्याआधी तिथल्या वकिलाला एकदा विचारावं. आणि त्याच्याही कितीतरी आधी, व्हिसाची फाइल चढवली जाते त्याच वेळी, सही केलेल्या आय-८६४ ची सगळी पानं मुलीने स्वतःच्या ईमेलवर मागून घ्यावीत. काकांनी सही केली असेल तर त्यांचीही. नंतर कोर्टात पहिला प्रश्न येतो तो कागदाचा, आणि तेव्हा तो नवऱ्याच्या कपाटात असून उपयोग नसतो.