अंधाराच्या उपेक्षित तबकड्या

चेन्नई शहराच्या दक्षिण अंगाला, गिंडीच्या राखीव रानाला लागून, भारतीय तंत्रशास्त्र संस्थेचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या आय.आय.टी.चे, विस्तीर्ण आवार आहे. जुने वड, त्यांच्या सावलीत निर्धास्त चरणारे चितळांचे कळप आणि ह्या सर्वांच्या मध्ये एक खुले नाट्यगृह. ‘सारंग’ नावाचा विद्यार्थ्यांचा महोत्सव तेथे दरवर्षी भरतो. २००९ साली ह्या महोत्सवात स्वीडनमधील ‘ओपेथ’ ह्या मंडळींचे गायनवादन झाले. ज्या नगरीत मार्गळीच्या, म्हणजे मार्गशीर्षाच्या, महिन्यात सभागृहासभागृहांतून त्यागराजांच्या कृती घुमतात, त्याच नगरीत हे गायन व्हावे ह्याचे काहींना नवल वाटले असेल. कारण ओपेथचा गायक मिकेल ओकरफेल्ट एका क्षणी अत्यंत मधुर गळ्याने गातो, आणि पुढल्याच क्षणी एखादे श्वापद गुहेतून बोलावे तसा गुरगुरतो. ह्या प्रकाराला ‘डेथ मेटल’ असे नाव आहे. नाव ऐकूनच पुष्कळ घरांत दार लोटून घेतले जाते!

दार लोटणाऱ्यांचा राग सर्वस्वी निराधार आहे असे मात्र म्हणता येणार नाही. ह्याच घराण्याची ‘ब्लॅक मेटल’ नावाची एक शाखा नॉर्वेत बहरली, तेव्हा तिच्या काही तरुण अनुयायांनी खरोखरीच देवळांना आगी लावल्या. बेर्गेनजवळचे फांटॉफ्टचे जुने लाकडी चर्च जून १९९२ मध्ये जळाले, आणि पुढल्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्या वर्तुळातील एका प्रमुख वादकाचा दुसऱ्या वादकाने खून केला. हे झाकून ठेवून ह्या संगीताची शिफारस करणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु चार माथेफिरूंच्या कृत्यांवरून एका संपूर्ण कलाप्रकाराचा निवाडा करणेही तितकेच अन्यायाचे. बंद खोलीत हे संगीत ऐकणारा मुलगा आणि दाराबाहेर चिंतेने उभी असलेली त्याची आई, ह्या दोघांनाही उपयोगी पडावे असे ह्या विषयात बरेच काही आहे.

प्रथम त्या कर्कश नादाविषयी. विजेच्या गिटारीचा आवाज ध्वनिवर्धकाच्या ताकदीपलीकडे चढवला, म्हणजे ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, आणि त्या छाटण्यातून मूळ स्वराबरोबर असंख्य उपस्वर उसळून येतात. आपल्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सारून जी जवारी काढतात, तीही उपस्वर फुलवण्याचीच युक्ती होय. जवारी हळुवार आहे आणि हा प्रकार दांडगा आहे, इतकाच फरक. अशा भरडलेल्या नादात गंधारासारखे स्वर एकत्र वाजवले तर चिखल होतो. षड्ज-पंचमाची जोडी मात्र स्वच्छ उभी राहते. म्हणून हे वादक षड्ज-पंचमावर एवढे विसंबतात. १९७० साली बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ मंडळींनी आपल्या पहिल्या गीतात षड्जासमोर तीव्र मध्यम उभा केला, आणि युरोपच्या कानाला त्यात सैतानाची चाहूल लागली. तोच तीव्र मध्यम आपल्याकडे यमनात आणि दक्षिणेत कल्याणीत दिवेलागणीचे मांगल्य घेऊन येतो. स्वराला स्वतःचे पाप-पुण्य नसते. त्या गुरगुरण्याचे म्हणाल, तर ते कंठातील खऱ्या स्वरपट्ट्यांच्या वर ज्या ‘मिथ्या’ पट्ट्या असतात त्यांच्या कंपनातून निघते. त्यालाही रियाज लागतो, आणि चुकीच्या रियाजाने गळा कायमचा जातो.

भयानक आणि बीभत्स ह्यांना भरताने रसांच्या पंक्तीत बसवले आहेच. दुःख पाहून रसिकाला आनंद का व्हावा, ह्या प्रश्नावर मराठीत थोडी शाई खर्ची पडलेली नाही, न. चिं. केळकरांनी तर त्यासाठी ‘सविकल्प समाधी’चा सिद्धान्तच मांडला. नारायण धारपांची कादंबरी उशाशी ठेवून झोपणाऱ्या मराठी वाचकाला ‘गॉथिक’ वृत्ती परकी वाटण्याचे कारण नाही. तो शब्द मूळचा शिल्पातला, आणि तोही हेटाळणीचा. मुंबईचे बोरीबंदर किंवा चेन्नईच्या सागरकिनाऱ्यावरचे सेंट थॉमसचे उंच मनोऱ्याचे चर्च ही त्या शैलीची नवी रूपे. पुढे तो शब्द भुताटकीच्या कादंबऱ्यांना लागला, आणि १९८०च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका उदास, संथ रॉकसंगीतालाही चिकटला.

मृत्यूचे गाणे चेन्नईला तरी परके कोठे आहे? उत्तर चेन्नईच्या कष्टकरी वस्त्यांत मयताच्या घरी रात्रभर ‘गाना’ म्हणण्याची रीत आहे. त्यातल्या मृत्यूच्या गीतांना ‘मरण गाना’ असेच म्हणतात. सोबत पराईचा ताल असतो. आपल्या हलगीशी नाते सांगणारे हे चर्मवाद्य अंत्ययात्रेत वाजवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या एका जातीवर लादले गेले, आणि वाद्यालाही त्या जातीबरोबर अस्पृश्य ठरवले गेले. चित्रपट-दिग्दर्शक पा. रंजित ह्यांच्या पुढाकाराने ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हे पथक उभे राहिले, आणि जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईतच त्याने गाना आणि रॉक एका रंगमंचावर आणले. त्याचे नाव अयोती दास पंडितांच्या ‘जातिरहित तमिळ’ ह्या कल्पनेवरून घेतलेले आहे. प्रतिष्ठितांच्या कानाने नाकारलेले संगीत म्हणजे निकृष्ट संगीत, हे समीकरण किती तकलादू आहे, हे तपासायला चेन्नईइतके सोयीचे शहर दुसरे नसेल.

आता तबकड्यांकडे वळावयाचे. गिंडीच्या नाट्यगृहात गर्दी करणाऱ्यांना ओपेथची ‘ब्लॅकवॉटर पार्क’ ही २००१ सालची तबकडी पाठ असते. ती उत्तमच आहे. पण तिच्या तेजात १९९८ सालची ‘माय आर्म्स, युअर हर्स’ झाकोळून गेली. हर्स म्हणजे शवगाडी. एक मृत पुरुष पिशाचरूपाने मागे राहतो आणि आपल्या प्रियेला पाहत राहतो. तिने पुरेसा शोक केला की नाही, एवढीच त्याची तळमळ. मेलेल्याचा मत्सर! ह्या एका सूत्रावर सबंध तबकडी गुंफलेली आहे, आणि रचनाही अशी की प्रत्येक गीताचे अखेरचे शब्द हेच पुढच्या गीताचे नाव असते. अंताक्षरी खेळलेल्या मराठी माणसाला ह्यातली गंमत सांगावयास नको. ठेका धरून ठेवणारा खर्जातला बासही ह्या तबकडीत ओकरफेल्टनेच वाजवला, कारण त्या कामासाठी घेतलेला नवा वादक अगदी उशिरा येऊन पोहोचला होता. गुरगुराट असह्य झाल्यास श्रोत्याने मधले संथ, तारा छेडल्यासारखे भाग आधी ऐकावेत. मग गुरगुराटाची जागा कोणती आणि ती तेथेच का, हे आपोआप ध्यानात येते.

ह्या तबकडीच्या नावातच आणखी एका तबकडीचा पत्ता दडलेला आहे. ‘माय आर्म्स, युअर हर्स’ हे शब्द ओकरफेल्टने ‘कोमस’ ह्या इंग्रजी मंडळींच्या एका गीतातून उचलले. मिल्टनच्या नाट्यकाव्यावरून नाव घेतलेल्या ह्या तरुणांनी १९७१ साली ‘फर्स्ट अटरन्स’ नावाची तबकडी काढली. ती खपली नाही, आणि मंडळीही लवकरच पांगली. तिच्यात यंत्रांचा गडगडाट जवळजवळ नाहीच. साधी गिटार, व्हायोलिन, बासरी, हाताने वाजवायचे ढोल, आणि एका स्त्रीचा उंच, निरागस आवाज. आणि विषय? रानातला खून, धर्मासाठी झालेला छळ, वेड्यांच्या इस्पितळातले विजेचे झटके. भयासाठी मोठा आवाज लागतो ही समजूत ही तबकडी पहिल्या पाच मिनिटांत पुसून टाकते. जुन्या तबकड्या धुंडाळणाऱ्या थोड्या लोकांनी ती जिवंत ठेवली. ओकरफेल्ट त्यांतलाच एक. अखेर २००८ मध्ये ही मंडळी स्वीडनमधल्याच एका महोत्सवासाठी पुन्हा एकत्र आली. सदतीस वर्षांनी मिळालेली ही दाद! ह्या व्याख्यानातून एकच तबकडी ऐकावयाची झाली, तर ती हीच असावी.

गळा गमावण्याचा उल्लेख मघाशी आला. ‘काटाटोनिया’ ह्या स्टॉकहोमच्या मंडळींचा गायक योनास रेंक्से ह्याच्यावर तो प्रसंग आला. त्याला गुरगुरणे अशक्य झाले. तेव्हा १९९६ च्या ‘ब्रेव्ह मर्डर डे’ ह्या तबकडीत त्या कामासाठी मित्र म्हणून ओकरफेल्टच उभा राहिला. पहिल्या तीन गीतांची नावे ओळीने वाचली की तबकडीचे नाव तयार होते. तिसरे गीत मात्र रेंक्सेने स्वतः म्हटले आहे, साध्या, काहीशा चाचरत्या आवाजात. पुढे त्या साध्या आवाजावरच त्याने सारी कारकीर्द उभी केली. एकच आवर्तन मिनिटेच्या मिनिटे फिरत राहावे आणि त्याचा कंटाळा न येता गुंगी यावी, हा ह्या तबकडीचा विशेष.

गॉथिक रॉकमध्ये ‘बाउहाउस’ आणि ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ ह्यांची नावे सर्वांना ठाऊक असतात. वूस्टरशरच्या खेड्यातून आलेल्या ‘अँड ऑल्सो द ट्रीज’ ह्यांचे नाव क्वचितच निघते. त्यांची ‘व्हायरस मेडो’ १९८६ सालची. ह्यातला जोन्स बंधूंपैकी एक गातो, किंवा खरे तर सांगतो; दुसऱ्याची गिटार मँडोलिनसारखी थरथरत राहते. इंग्लंडच्या हिरव्या कुरणाखाली काहीतरी कुजते आहे असा भास सतत होतो. शहरी रॉकला ओलसर मातीचा हा वास सहसा येत नाही.

प्रागच्या ‘मास्टर्स हॅमर’ची १९९१ ची ‘रितुआल’ थोडक्यात आटोपते: चेक भाषा, मोठमोठ्या टिंपनी नगाऱ्यांचे घाव, आणि थोडीशी गावजत्रेतली मस्करीही. मेलबर्नच्या ‘डिसेम्बाउलमेंट’ने १९९३ साली एकच संपूर्ण तबकडी काढली आणि कारभार गुंडाळला. ती फार संथ आहे. घाईत असणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

घराजवळच्या दोन नावांकडे मात्र मुद्दाम लक्ष वेधले पाहिजे. सिंगापूरच्या तमिळ तरुणांचे ‘रुद्र’ हे पथक १९९२ पासूनचे. ‘ब्रह्मविद्या’ ह्या नावाच्या त्यांच्या तीन तबकड्या २००५, २००९ आणि २०११ अशा निघाल्या, आणि विषय चक्क अद्वैत वेदान्त! डेथ मेटलच्या गुरगुराटात संस्कृत वचने ऐकून प्रथम हसू येते. मग लक्षात येते की ‘मी देह नव्हे’ हा विचार शांत स्वरात जितका सहज स्वीकारला जातो, तितका तो सहज नाही. त्यातली उलथापालथ ह्या नादात ऐकू येते. तिसरी तबकडी सगळ्यांत बांधेसूद आहे, पण सुरुवात पहिलीपासूनच करावी.

दुसरे पथक मुंबईचे, ‘डिमॉनिक रेझरेक्शन’. त्यांची ‘दशावतार’ २०१७ साली आली. दहा अवतार, दहा गीते; मत्स्यापासून कल्कीपर्यंत क्रम चुकलेला नाही. मधूनमधून सतारही येते. सगळी गीते सारख्या तोलाची नाहीत, आणि इंग्रजी शब्दरचना काही ठिकाणी पाठ्यपुस्तकासारखी वाटते. तथापि कुडाळ-सावंतवाडीकडे ज्यांनी मध्यरात्री दशावतारी खेळ पाहिला आहे, संकासुराचे ते रंगवलेले तोंड आणि पखवाजाची घाई ज्यांच्या आठवणीत आहे, त्यांना नरसिंहाचे गीत ऐकताना ती पेट्रोमॅक्सची बत्ती दिसल्यावाचून राहणार नाही.

ऐकण्याचा क्रम विचाराल, तर प्रथम कोमस, मग व्हायरस मेडो, मग काटाटोनिया. ओपेथ त्यानंतर, आणि मागाहून रुद्र. गीतांचे शब्द समोर घ्यावेत. आवाज बेताचा ठेवावा; ह्या संगीतातले बारकावे मोठ्या आवाजात हरवतात, आणि शेजाऱ्यांशी संबंधही बिघडतात. खोलीचे दार उघडे ठेवले तरी चालेल.