शीड लहान करण्याची वेळ

सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडा ही नावे आपल्या कानावर पडतात ती क्रिकेटच्या समालोचनात. या दोन बेटांच्या मध्ये ग्रेनाडाइन्स नावाची लहान बेटांची माळ आहे. बेक्वे, युनियन, कॅरियाकू ही त्यांतली काही. तिथे जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. तो सरला की पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे जवळजवळ अखंड वाहतात. त्यामुळे खोल समुद्रात शिडाची नाव हाकारायला शिकवणारी मंडळी हिवाळ्यात तिकडे जमतात. २०२३ च्या फेब्रुवारीत अशाच एका चाळीस फुटी नावेवर मी दहा दिवस होते. शिकणारे आम्ही चौघे आणि शिकवणारा कप्तान.

मुंबई बंदरात लहान होड्या चालवलेल्या माणसाला तिथे आधी काही गोष्टी विसराव्या लागतात. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. होडी चिखलात रुतली तर डबा उघडून बसायचे, भरती उचलून देते. तिथे हा फरक जेमतेम दीड-दोन फूट. नाव प्रवाळावर चढली, तर पाणी तिला सोडवायला येत नाही. होकायंत्राचेही तसेच. मुंबईत होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर जवळजवळ एकच असते. तिथे सुई सुमारे १५ अंश पश्चिमेकडे झुकते. तेवढा हिशेब चुकला, की दहा मैलांत आपण अडीच मैल बाजूला! जीपीएस होते, नाही असे नाही; पण आमचा कप्तान त्याच्या पडद्यावर खुशाल टॉवेल टाकत असे.

टोबॅगो केजला तर नकाशाही त्याने मिटून ठेवला. तिथे पाचेक निर्मनुष्य बेटे घोड्याच्या नालेसारख्या प्रवाळरांगेच्या आड बसली आहेत. सूर्य डोक्यावर आणि जमल्यास पाठीशी असताना आत शिरायचे. एकाने नावेच्या पुढच्या टोकाला उभे राहून पाण्याचा रंग वाचायचा. गडद निळे ते खोल, फिकट हिरवे ती वाळू, तपकिरी दिसले की थांबा. ढग आला की सगळे रंग एक होतात, मग तो सरेपर्यंत वाट पाहायची.

पण मी शिकले ते पहिल्याच दिवशी, आणि तेही दुसऱ्याच्या हाताची कातडी घालवून. सेंट व्हिन्सेंट ते बेक्वे ही खाडी नऊ-एक मैलांची. बेटे दोन्ही बाजूंना दिसत असतात, म्हणून ती आपल्याला अंगणासारखी वाटते. प्रत्यक्षात अटलांटिकचे वारे आणि प्रवाह त्या फटीतून दाटीने घुसतात. वारा वाढला की मोठे शीड थोडे उतरवून खालचा पट्टा बांधून टाकायचा, म्हणजे शीड लहान होते. याला रीफ करणे म्हणतात. 'करावे का, असे मनात आले की करा,' एवढेच कप्तानाने सांगितले होते आणि सुकाणू माझ्या हाती दिले होते.

माझ्या मनात ते आले होते. पूर्वेला काळी सर दिसत होती. पण वारा पाठीकडून होता, आणि पाठीकडचा वारा फसवतो. नाव त्याच्याच दिशेने पळत असते, म्हणून तो असतो त्याहून कमी लागतो. शिवाय पहिल्याच तासाला भित्री कशाला ठरू, हेही होतेच. सर अंगावर आली तेव्हा शीड उतरवण्यासाठी नावेचे तोंड वाऱ्याकडे वळवले, आणि तोच वारा दुप्पट झाला. शीड फडफडू लागले. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या मुठीतून दोर सरसरत गेला आणि दोन्ही तळहात सोलून निघाले. कप्तान मला काहीच बोलला नाही. तिनेही तक्रार केली नाही. पुढचे चार दिवस तिच्या वाटणीची भांडी मात्र मी घासली.

कॅरियाकूला आम्ही एक दिवस थांबलो. तिथे किनाऱ्यावर लाकडी गलबते बांधण्याची जुनी परंपरा आहे. २०२३ च्या अखेरीस युनेस्कोने तिची नोंद घेतली. त्यानंतर सातच महिन्यांनी, १ जुलै २०२४ रोजी, बेरिल चक्रीवादळ या बेटावर येऊन आदळले. टिरल बेमधल्या खारफुटीत सुरक्षित म्हणून बांधून ठेवलेल्या नावाही त्यात मोडल्या. मी पाहिलेल्यांपैकी किती उरल्या असतील, कोण जाणे.

परतीचा प्रवास ग्रेनाडाहून एका दमात, सुमारे ७५ मैलांचा होता. वाटेत 'किक एम जेनी' हा समुद्राखालचा ज्वालामुखी लागतो. त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद १९३९ ची. तो शांत असतानाही दीड किलोमीटरच्या आत जायचे नाही. भीती नुसत्या लाव्ह्याची नव्हे, वायूची. बुडबुड्यांनी पाणी हलके होते, आणि हलके पाणी नावेला तोलून धरत नाही.

त्याला वळसा घालून पुढे गेलो तेव्हा दिवस मावळत होता. पहारा माझा होता. वारा बरा होता, आकाश स्वच्छ. तरी मी शीड लहान करायला सांगितले. दोर धरायला तीच शिक्षिका आली, हातमोजे घालून. रात्रभर वारा काही वाढला नाही. नाव रेंगाळत चालली, आणि एकाने 'बैलगाडी' म्हणून थट्टाही केली.

पहाटे सेंट व्हिन्सेंटचे दिवे दिसले. पण बंदराची वाट प्रवाळातून जाणारी, अरुंद. अंधारात शिरायचे नव्हते. उजाडेपर्यंत आम्ही बाहेरच घिरट्या घातल्या. कप्तानाने चहा केला आणि पहिला पेला माझ्या हातात दिला.