किल्ली कुणाच्या हातात?

(संघटनेच्या वार्षिक शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



हाक मारली की लागणारे दिवे, मोबाईलवरून उघडणारं कुलूप, घरभर लक्ष ठेवणारे कॅमेरे. या साऱ्याला ‘स्मार्ट होम’ म्हणतात. एवढ्या जाहिराती होऊनही पुष्कळ ग्राहक या वस्तू घ्यायला का-कू करतात. त्या महाग आहेत, वापरायला किचकट आहेत, वीज किंवा इंटरनेट गेलं की सगळं ठप्प होतं, ही कारणं खरीच आहेत. पण बाई ‘नको’ म्हणाली, की ‘तिला यंत्राची भीती वाटते’ असं म्हणून सगळे मोकळे होतात. मला आज त्या ‘नको’बद्दल बोलायचं आहे.

गेल्या वर्षी आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली. शिकलेली, बाळंतपणानंतर नोकरी सोडलेली. नवऱ्यानं दिवाणखान्यात आणि स्वयंपाकघरात कॅमेरे बसवले होते. बाळावर आणि कामाच्या बाईवर लक्ष राहावं, हे कारण. पंधरा दिवसांत ऑफिसातून त्याचे फोन सुरू झाले. “इतका वेळ दारात कुणाशी बोलत होतीस?” “दूध उतू गेलं, लक्ष कुठं होतं?” माहेरी बोलायचं तर ती जिन्यात जाऊन बोलायची. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. तिनं विचारलं, “ताई, तक्रारीत लिहू तरी काय?”

कॅमेऱ्याचा पासवर्ड तिला माहीत नव्हता.

बाजाराच्या हिशेबात एक घर म्हणजे एक ग्राहक. पण विकत घेणारा एक असतो आणि राहणारी माणसं अनेक. ज्याच्या मोबाईलवर खातं, त्याच्या ताब्यात घर. सून, वयात आलेली मुलगी, धुणीभांडी करणारी बाई यांना कुणी विचारत नाही. दिवसभर कॅमेऱ्यात दिसतात मात्र त्याच.

ही भीती मनचे खेळ नव्हेत. दिवे आणि हीटर चालवणाऱ्या भिंतीवरच्या टॅब्लेटमधून दुरावलेल्या बायकोचं बोलणं चोरून ऐकलं, म्हणून २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये एका नवऱ्याला तुरुंगवास झाला. ॲमेझॉनच्या मालकीची ‘रिंग’ ही कॅमेरे विकणारी कंपनी. तिच्या एका कर्मचाऱ्यानं ग्राहक स्त्रियांच्या शयनगृहांतली, न्हाणीघरांतली हजारो चित्रणं पाहिली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२३ मध्ये ठेवला. कंपनीनं ५८ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. म्हणजे नजर नवऱ्याची, आणि त्याच्या मागे कंपनीचीही.

आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण २०२३ चा माहिती संरक्षण कायदा वाचा. एखाद्या व्यक्तीनं वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो लागूच नाही. ‘घरातली बाब’ हे शब्द आपण किती वर्षं ऐकतो आहोत! कायदा पुन्हा उंबऱ्याशी थांबला.

तरी आपण अगदी रिकाम्या हातांनी उभ्या नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळ ही हिंसाच आहे. त्या बाईचा अर्ज आम्ही त्याच कायद्याखाली केला. स्वयंपाकघरातला कॅमेरा निघाला. दिवाणखान्यातला अजून आहे. लढाई चालू आहे.

यंत्राशी माझं वैर नाही. माझी एक अपंग मैत्रीण आहे. हाक मारली की लागणारा दिवा म्हणजे तिला कुणाची वाट न बघता रात्री उठता येणं. पण तो दिवा तिनं निवडला आहे, आणि त्याचं खातं तिच्याच फोनवर आहे. फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

म्हणून आपापल्या गटांत हे प्रश्न विचारा. घरात कॅमेरा आहे का? तो कुणाला विचारून बसवला? कामाला येणाऱ्या बाईला सांगितलं का? बंद करायचा अधिकार कुणाला? केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईला, ‘मारतो का?’ याच्या जोडीला, ‘बघतो का?’ हेही विचारा.

आणि कुणी ‘नको’ म्हणाली, तर तिला आधी अडाणी ठरवू नका. तिला विचारा, किल्ली कुणाच्या हातात आहे?