सरपंच बाई, मग उपसरपंच कोण?

(शहादा येथे ग्रामपंचायतीच्या महिला सदस्यांच्या आणि निवडणुकीला उभं राहू इच्छिणाऱ्या बायांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण अर्ज कसा भरायचा, जातपडताळणीचे कागद कुठे मिळतात, खर्चाचा हिशेब कसा द्यायचा हे सगळं ऐकलं. आता जेवण झालंय, ऊन डोक्यावर आहे, काहीजणींच्या मांडीवर लेकरं झोपली आहेत. म्हणून मी कायद्याचं पुस्तक उघडणार नाही. मी एकाच माणसाबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव कुठल्याच आरक्षणाच्या सोडतीत निघत नाही, पण पुढची पाच वर्षं आपल्याला त्याच्याबरोबर काढायची असतात. तो माणूस म्हणजे उपसरपंच.

आपण सरपंचपदाचा विचार खूप करतो. लढूनच मिळालंय ते. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये एक तृतीयांश जागा बायांना दिल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचं अध्यक्षपद आदिवासींसाठी राखलं. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके आणि नंदुरबार-शहाद्याचा काही भाग त्यात येतो. म्हणजे आपल्याकडे कितीतरी गावांत सरपंच आदिवासी बाईच असणार, हे कायद्यानेच ठरलेलं असतं.

पण उपसरपंचपद? ते मोकळं आहे. तिथे ना बाईचं आरक्षण, ना आदिवासीचं. ज्यांच्या हातून वरची खुर्ची कायद्याने काढून घेतली, ते सगळे मग या दुसऱ्या खुर्चीकडे बघतात. सपाटीवरच्या मिश्र वस्तीच्या गावांत तर हे उघड दिसतं. सरपंच भिलाची सून, आणि उपसरपंच तो, ज्याच्या शेतात ती काल-परवापर्यंत निंदणीला जात होती. आता सांगा, मासिक सभेत कोण कुणाला ‘बसा’ म्हणणार?

तुम्ही म्हणाल, ताई, हे तर देशभर असंच आहे. खरंय. आपल्या देशाला दोन बाया राष्ट्रपती लाभल्या. २००७ मध्ये आपल्या शेजारच्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील आणि २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू, पहिल्या आदिवासी राष्ट्रपती. पण उपराष्ट्रपती? आजवर एकही बाई झालेली नाही. या दोन पदांच्या निवडणुका आपल्याकडे वेगवेगळ्या होतात, मतदारही वेगळे, म्हणून जोडी अशी कुणी बघत नाही.

अमेरिकेत तसं नाही. तिथे अध्यक्षपदाचा उमेदवार आपला जोडीदार आधीच जाहीर करतो आणि लोक दोघांना मिळून एकच मत देतात. महिनोन्‌महिने चर्चा चालते, कोण कुठल्या राज्याची मतं आणील, कोण म्हातारं, कोण तरुण. १९८४ मध्ये मोठ्या पक्षाने पहिल्यांदा एका बाईला, जेराल्डिन फेरारोंना, उपाध्यक्षपदासाठी उभं केलं. ती जोडी हरली. २०२० मध्ये कमला हॅरिस उपाध्यक्ष म्हणून निवडून आल्या, आणि २०२४ मध्ये त्याच अध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या तेव्हा जोडीदार निवडायची पाळी त्यांच्यावर आली. त्यांनी मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांना निवडलं. तीही जोडी हरली. पण मला त्या देशाची एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे आठ अध्यक्ष पदावर असताना वारले आणि एकाने राजीनामा दिला. नऊ वेळा उपाध्यक्ष एका दिवसात अध्यक्ष झाला. निवडताना बघितली होती मतं, आणि हातात आला कारभार.

आपल्या ग्रामपंचायतीतही नेमकं हेच आहे. सरपंच नसेल तेव्हा सभा उपसरपंच चालवतो. सरपंच बरेच दिवस गावाबाहेर असली, किंवा पद रिकामं झालं, तर तिचे अधिकार त्याच्याकडे जातात. आणि नंदुरबार जिल्ह्यात सरपंच गावाबाहेर असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते, उचल घेतलेली असते, अर्धं गाव गुजरातला ऊसतोडीला जातं ते होळीला परत येतं. सरपंच झाली म्हणून काय बाईच्या घरची उचल फिटते?

आता माझी चूक सांगते. इतरांच्या चुका सांगणं सोपं असतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात आपल्यातलीच एक बाई सरपंच झाली. गावाचं नाव सांगत नाही, तिचंही नाही. उपसरपंचाच्या निवडीआधी तिने मला बोलावलं. तीन नावं होती. एक मोठ्या पाड्यावरचा वयस्क माणूस, हट्टी, सभेत ओरडणारा. दुसरी वरच्या पाड्यावरची एक विधवा बाई, सही करणारी, पण बोलायला लाजणारी. तिसरा एक तरुण. बारावी झालेला, तालुक्याच्या कचेरीत सगळे ओळखणारे, मला बघितलं की ‘नमस्कार ताई’ म्हणून चहा सांगणारा. मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, हा हुशार आहे, तुझी कामं पटापट होतील.

झालीही. पहिलं वर्ष तो तिला मोटारसायकलवरून पंचायत समितीत न्यायचा, कागद वाचून दाखवायचा. मी चार ठिकाणी त्याचं उदाहरण दिलं. दुसऱ्या दिवाळीनंतर तिच्या नवऱ्याने उचल घेतली आणि तिला कोयता उचलावा लागला. ती होळीला परत आली तेव्हा पाण्याची टाकी उभी राहिली होती. ग्रामसभेत ठरलं होतं वरच्या पाड्यावर बांधायची. ती बांधली गेली खाली, त्याच्या भाऊबंदांच्या घरांजवळ. मासिक सभेत ठराव झाला होता, सह्या होत्या, सगळं रीतसर. तिने मला निरोप पाठवला, मी गेले. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, “ताई, तूच म्हणाली होतीस ना, तो हुशार आहे. हुशार तर होताच तो.”

वरच्या पाड्याच्या बाया अजून उतरून पाणी नेतात. मी त्या वाटेने जाते तेव्हा मान वर करून बघवत नाही.

मी काय चुकले? मी त्याला तोललं ते ती गावात असताना तो काय करील यावर. ती नसताना काय करील हे मी विचारलंच नाही. माझ्याशी गोड बोलतो म्हणजे तिच्याशी इमानाने वागेल, असं मी धरून चालले.

तेव्हापासून मी काही प्रश्न विचारते. तुम्हीही विचारा.

पहिला प्रश्न. हा माणूस फोन कुणाच्या फोनवर करतो? सरपंच तू, आणि त्याचा फोन तुझ्या नवऱ्याला येत असेल, तर त्याच्या लेखी सरपंच कोण ते कळलं. हसू नका, मी खूप गावांत हे बघितलंय.

दुसरा प्रश्न. माझं पद गेलं तर फायदा कुणाचा? बाईचं पद जायला वाटा पुष्कळ असतात. जातपडताळणीचा दाखला मुदतीत दिला नाही, तिसरं मूल झालं, घर अतिक्रमणात निघालं. कुणीतरी तक्रार केल्यावरच कागद हलतो. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. नंतर आणला तरी तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेची मान्यता लागते. म्हणून अविश्वासापेक्षा तक्रार सोपी पडते. तुझ्या खुर्चीची वाट बघणाराच तुझ्या शेजारी बसवू नकोस.

तिसरा प्रश्न. त्याने पैसे किती घातलेत? जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि आपल्याच जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक रद्द केली, कारण पदांचा लिलाव झाला होता. ती दोन गावं उघडकीला आली. लिलाव न करताही पदाची किंमत लागते, ‘सव्वा वर्ष तुझा, सव्वा वर्ष माझा’ असे करार होतात. ज्याने पैसे घातले तो ते कामांतूनच काढणार.

चौथा प्रश्न. दारूच्या वेळी तो कुठे उभा होता? हा शहादा आहे. १९७० च्या दशकात याच भागात श्रमिक संघटनेच्या बायांनी गावोगाव दारूची मडकी फोडली होती. बायांनी दारूबंदीचा ठराव मागितला तेव्हा कोण पुढे आला, कोण मागच्या दाराने निघून गेला, हे तुम्हाला माहीत असतं. तेच त्याचं प्रगतिपुस्तक.

आता इथली एखादी म्हणेल, आणि सकाळी एक म्हणालीच, “ताई, सात सदस्यांची ग्रामपंचायत. मोठ्या पाड्याचे चार. त्यांना नको म्हटलं तर आमचं काहीच चालायचं नाही.” बरोबर आहे तिचं. मी सोपं उत्तर देणार नाही. सरपंचाची थेट निवडणूक २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. थेट निवडणुकीत सरपंच लोक निवडतात, पण उपसरपंच सदस्य निवडतात. त्यामुळे सरपंच एका पॅनलची आणि बहुमत दुसऱ्याचं, असं होतंच. मग उपसरपंच तुझ्या मनाचा मिळेलच असं नाही. म्हणून हा विचार निकालानंतर करायचा नाही, पॅनल बांधतानाच करायचा. सदस्य म्हणून कोणाला उभं करतोय, त्यातला दुसरा कोण, हे आधी बोलायचं. गुलाल उधळल्यावर नाही.

मोठ्या पाड्याचाच माणूस घ्यावा लागला तर घ्या. तो ओरडणारा म्हातारा आठवतोय ना? मला आता वाटतं, तो बरा होता. तो भांडला असता, पण समोर भांडला असता. फक्त घेताना अटी ग्रामसभेत बोला, चार भिंतींत नको. टाकी कुठे, रस्ता कुठे, हे ग्रामसभेच्या ठरावात जागेच्या खुणेसकट लिहून घ्या आणि त्याची नक्कल बायांच्या हातात ठेवा. आदिवासी उपयोजनेचा जो पाच टक्के अबंध निधी पेसा गावांना येतो, त्याच्या समितीत बोलणाऱ्या बाया बसवा. ऊसतोडीला जावं लागणार असेल तर जाण्याआधी ग्रामसभा घ्या, काय करायचं आणि काय करायचं नाही ते ठरवून जा.

आणि दुसरी बाई? सरपंच बाई आणि उपसरपंचही बाई, याला कायद्याची कुठलीही आडकाठी नाही. पण हे नाव घेतलं की सगळे म्हणतात, “दोन दोन बाया? गाव कोण चालवणार?” दोन दोन पुरुष इतकी वर्षं होते तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नाही. तरी मी असंही म्हणणार नाही की कुठलीही बाई चालेल. दिराच्या डोळ्याकडे बघून हात वर करणारी बाई बसवली तर खुर्चीवर दीरच बसला. तिलाही तेच चार प्रश्न विचारा. फक्त ती लाजते, भाषण करता येत नाही, एवढ्यावरून तिला बाद करू नका. वरच्या पाड्याच्या त्या विधवेला मी तसंच बाद केलं होतं. ती बोलली नसती कदाचित. पण टाकी खाली बांधायच्या ठरावावर तिने सही केली नसती, कारण पाणी तिलाच भरायचं होतं.

आता एक काम करू या. प्रत्येकीने आपल्या गावातली तीन नावं मनाशी धरा. लिहिता येतं तिने शेजारणीचीही लिहावीत. मग दोघी-दोघींनी बसून चार प्रश्न त्या नावांना लावा. नवऱ्याला विचारायचं नाही, आत्ता तरी नाही. चहा येईपर्यंत अर्धा तास आहे. चहानंतर प्रत्येकीने सांगायचं, मी गावात नसेन तेव्हा माझं गाव मी कुणाच्या हाती देईन, आणि का.

मीही तुमच्यात बसते. मला अजून शिकायचंय.